ब्याण्णव मिलिमीटर

शनिवारची दुपार. कॉलेज अर्धाच दिवस होतं. आई आत आडवी झाली आहे, आणि मी गॅलरीतल्या कामाच्या टेबलावर हातांची घडी घालून त्यावर गाल टेकवला आहे. झोपायचं नाही, पाच मिनिटं नुसते डोळे मिटायचे आहेत. नाकासमोर वीतभर अंतरावर गाडी लाकडी ठोकळ्यावर ठेवलेली आहे. तिची चारही चाकं अधांतरी आहेत.

ही रिमोटवर चालणारी, दगडांवरून रांगत चढणारी गाडी. क्रॉलर म्हणतात तिला. लांबी दीड फूट, वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. आम्ही दोघांनी ती बनवली. आकडेमोड माझी, लेथ यंत्रावरचं काम हिंदुराव मामांचं. मामांना जाऊन आठ महिने झाले.

उद्या सकाळी गावाबाहेरच्या बंद खाणीत क्लबची स्पर्धा आहे. थोड्या वेळापूर्वी क्लबचे सेक्रेटरी चौगुले यांचा फोन येऊन गेला. "मॅडम, गाडी आणा, पण चालवू नका. हार घालू, फोटो काढू, मग क्लबात काचेच्या पेटीत ठेवू. तिचं स्टिअरिंग बरोबर नाही हे सगळ्यांनी बघितलंय. शेवटी शेवटी मामांचा हात पूर्वीसारखा राहिला नव्हता. होतं असं, आम्ही समजून घेतो."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

ते "बरं" अजून तोंडात आहे. पापण्यांच्या आत लाल उजेड आहे. खालच्या मजल्यावर मिक्सर चालू आहे. त्याचा आवाज लांबतो, जाड होतो, एका लयीत फिरू लागतो, आणि मग तो मिक्सर राहत नाही. लेथ असते.

"काय गं मास्तरीणबाई, झोपलीस व्हय?"

मामा समोरच्या स्टुलावर बसले आहेत. अंगात निळा डगला, चष्म्याची डावी काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.

"झोपले नाही. विचार करतेय."

"घोरत हुतीस."

"मी घोरत नाही."

"झोपलेल्याला काय कळतंय?" ते हसतात आणि पुढच्या चाकांमधलं अ‍ॅक्सल अंगठ्यानं वर दाबतात. अ‍ॅक्सल वर जातं आणि पुढची दोन्ही चाकं आपोआप डावीकडे वळतात. थोडीशीच. "रिमोट कुठाय?"

"बंद आहे."

"मग ही कुणाच्या सांगण्यावरनं वळली?"

हाच दोष. खाणीत दगडांमध्ये दोन-दोन काठ्या रोवून वाट आखलेली असते. काठीला चाक लागलं की गुण गेले. आमची गाडी सपाटीवर दोरीसारखी सरळ जाते, पण एक चाक दगडावर चढलं की स्वतःच वळते आणि काठीला जाऊन भिडते. गेल्या स्पर्धेत तीन वेळा भिडली.

"मोज," मामा म्हणतात.

मी मापाचा व्हर्निअर घ्यायला हात लांब करते. टेबल तेच आहे, पण गॅलरी नाही. उद्यमनगरातली मामांची शेड आहे. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोल जमिनीवर पडले आहेत. लेथच्या चकमध्ये, फिरत्या पकडीत, खडू धरलेला आहे, आणि तो कापला जाताना पांढरी, लांब, कुरळी चिप निघते आहे. खडूची अशी चिप निघत नाही, हे मला कळतं. 

पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन दांड्या आडव्या असतात. एक स्टिअरिंगची. ती चाकं वळवते. दुसरी अ‍ॅक्सलला चासीखाली, म्हणजे सांगाड्याखाली, जागेवर धरून ठेवते, बाजूला सरकू देत नाही; तिचं एक टोक चासीवरच्या पट्टीला जोडलेलं असतं. अ‍ॅक्सल वर-खाली होताना दोन्ही दांड्या झुलतात. सारख्या झुलल्या तर चाकं सरळ राहतात. एक लांब आणि एक आखूड असेल तर दोघींची वर्तुळं वेगळी होतात, आणि त्यांच्यातला फरक चाकाला जाऊन मिळतो.

मी स्टिअरिंगची दांडी मोजते. "ऐंशी."

"दुसरी?"

ही दांडी मामांनी बनवलेली शेवटची वस्तू. स्टीलची, आरशासारखी. तिच्यानंतर त्यांनी लेथ सुरू केलीच नाही. मी व्हर्निअरचे जबडे तिच्यावर मिटवते.

"ब्याण्णव पूर्णांक शून्य शून्य."

"आणि कागदावर काय हुतं?"

कागदावर माझी सही असल्याशिवाय मामा कुठलाच जॉब चकमध्ये धरत नसत. घरचं काम असलं तरी. भाची असले तरी. आकडा, खाली रेघ, रेघेखाली माझी सही.

"ब्याण्णव," मी म्हणते.

"मग हात कुणाचा ऱ्हायला न्हवता?"

 ते गाडी उलटी करतात, उन्हाच्या एका गोलाखाली धरतात आणि नखानं चासीच्या आतल्या बाजूला टकटक करतात. "ही दोन भोकं कुणी पाडली? माझी न्हवंत ही."

"मी पाडली."

"कवा?"

"तीन आठवडे झाले."

"आतल्या बाजूला. बरोबर बारा मिलिमीटर आत." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. "म्हंजे तुला तवाच कळलेलं हाय. पट्टी आत सरकवायची, दांडी बारानं कापायची, दोन्ही ऐंशी. भोकं पाडून ठेवलीस, आन् दांडीला हात लावला न्हाईस."

"आई म्हणाली, दादाच्या हातचं शेवटचं आहे, त्याला धक्का लावू नकोस."

"आईचं नाव सांगू नगंस."

मला राग येतो. इतक्या महिन्यांनी भेटले आणि उलटतपासणी घेत आहेत. मी उठते आणि शेडच्या दारातून बाहेर पडते. बाहेर कॉलेजची प्रयोगशाळा आहे. बाकांवर स्प्रिंग बॅलन्स ओळीनं मांडलेले आहेत आणि त्यांना काही टांगलेलं नसताना सगळ्यांचे काटे खाली ओढले गेले आहेत. मामा पहिल्या बाकावर बसले आहेत. बाक त्यांना लहान पडतो, गुडघे वर येतात.

"मला पुन्यांदा सांग," ते म्हणतात. "मी सातवी पास माणूस. तुला इचारलं हुतं का न्हाई? म्हटलं, पट्टी चासीच्या भाईरनं लावली तर बळकट बसंल, पर दांडी बारा मिलिमीटर लांब हुईल. चालंल का?"

"विचारलं होतं."

"तू काय म्हणलीस?"

"लांबीचं काही नाही मामा, फक्त दोन्ही समांतर ठेवा."

"का म्हणलीस?"

मी फळ्याकडे वळते. हातात खडू आहे, लेथवर कापलेला, अगदी गोल. मी लिहिते आणि लिहिता लिहिता बोलते. "कोन लहान असेल तर दांडी झुलली तरी तिचं आडवं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून मी तो फरक सोडून दिला. वर्गात आम्ही नेहमी सोडतो."

"लहान म्हंजे किती लहान?"

"पाच अंश. फार तर दहा."

"आन् खाणीत किती हुतोय?"

"एक दांडी सव्वीस. दुसरी तीस."

मामा पोट धरून हसतात. बाक हलतो, स्प्रिंगांचे काटे हलतात. "आगं, मग दगडाला नोटीस पाठवायची हुतीस! मॅडम येणार हायत, कोन लहान ठेवा म्हणून!"

मलाही हसू येतं. मी पुढचं गणित पुरं करते, कारण अर्धं सोडलेलं मला बघवत नाही. अ‍ॅक्सल चाळीस मिलिमीटर हललं तर एक दांडी आडवी नऊ पूर्णांक पंधरा सरकते, दुसरी दहा पूर्णांक बहात्तर. फरक दीड मिलिमीटरहून जरा जास्त. चाकावर साडेपाच अंश. तीन वेळा काठीला लागायला पुरेसे.

खाली मी रेघ मारते. रेघ मारताना खडू अडखळतो. फळा हाताला खडबडीत लागतो, ऊन खाऊन तापलेला. तो फळा नाही. खाणीचा काळा कातळ आहे.

खाणीत उजेड सगळीकडून सारखा येतो, कशाचीच सावली पडत नाही. गाडी आता घराएवढी झाली आहे. तिचं एक चाक माझ्या डोक्यावरच्या कड्यावर चढलेलं आहे आणि आम्ही दोघं तिच्या पोटाखाली उभे आहोत. वर दांडी तुळईसारखी आडवी गेली आहे. तिच्यात मला माझा चेहरा लांबट, वाकडा दिसतो. पलीकडे चौगुले आणि क्लबचे लोक झेंडूचा हार धरून उभे आहेत. हार इतका मोठा आहे की सहा जणांनी तो खांद्यावर घेतला आहे.

"घालू दे त्यांना हार," मामा म्हणतात. आवाज मऊ झाला आहे. "काचंत ठेवू दे गाडी. माझा हात चुकला म्हणत्यात, म्हणू दे. मेलेल्या माणसाला काय कुणी कामावरनं काढतंय व्हय?"

"नाही."

"काय न्हाई?"

"तुमचा हात चुकला नाही."

"ते मला ठाव हाय, तुला ठाव हाय. बास झालं की. तू शिकवणारी बाई. उद्या पोरं म्हणतील, मॅडमनाच गणित येत न्हाई."

"म्हणू देत."

"मी देतूय तुला. माझ्या नावावर टाक. मामानं भाचीला काय द्यायचं न्हाई का?"

"दुसरं काहीही द्या. हे मी घेणार नाही."

"लई शाणी हाईस."

"चाळीस वर्षं तुम्ही दुसऱ्याची चूक स्वतःच्या जॉबवर घेतली नाहीत. चुकीच्या मापाचा कागद मालकाच्या तोंडावर फेकलात. आता का घेताय?"

ते वर दांडीकडे बघतात. "आता जॉब न्हाई माझ्याकडं," ते म्हणतात. "एवढी एकच चूक हाय, ती तरी माझी म्हणू दे."

 चौगुल्यांची माणसं हार घेऊन एक पाऊल पुढे येतात. त्यांच्या पायांचा आवाज होत नाही.

"मी तीन आठवडे गप्प बसले," मी म्हणते. "आज ते फोनवर बोलले तेव्हाही गप्प बसले. 'बरं' म्हणाले. पुन्हा म्हणणार नाही. दांडी कापणार, उद्या गाडी चालवणार आणि का कापली ते सगळ्यांसमोर सांगणार."

"माझं शेवटचं काम हाय ते, उजे." आता त्यांच्या आवाजात राग आहे, खरा. लेथजवळ कुणी चप्पल घालून आलं की यायचा तसा. "कापलंस तर त्यात माझं काय ऱ्हाईल?"

"ऐंशी मिलिमीटर राहील."

"हिशेब शिकवू नगंस मला!"

"मग लांब दांडी काचेत ठेवून तुमचं काय राहणार आहे? लोक बोट दाखवणार, म्हातारा इथं चुकला. रोज दाखवणार. मला ते चालणार नाही."

"मी न्हाई म्हणतोय."

"मी विचारत नाहीये, मामा."

आयुष्यात मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. मी मान खाली घालत नाही. ते माझ्याकडे बघतात. मग डगल्याची वरची गुंडी लावतात. काम संपलं की लावत.

"इचारायचं न्हवतं, तर मला कशाला बोलावलंस?"

"मी नाही बोलावलं. तुम्ही आलात."

"खोटं बोलतीस."

खोटंच आहे. या खाणीत त्यांना ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट मला आधीच ठाऊक आहे. इथे मीच त्यांना आणून उभं केलंय, त्यांनी हो म्हणावं म्हणून. आणि ते हो म्हणत नाहीत.

ते वळतात आणि कातळावर चढू लागतात. हळू, एकेक पाय रोवून. मागे बघत नाहीत. मीही थांबा म्हणत नाही. दोन्ही हात वर करून मी दांडी धरते. ती आता माझ्या मुठीत मावते. व्हाइसचा शिकंजा घट्ट आवळते आणि हॅकसॉ चालवते. चौगुले काहीतरी ओरडत आहेत, पण करवतीच्या आवाजात ते ऐकू येत नाही. मी कापत राहते, खांदा भरून येईपर्यंत, मनगटातून कळ जाईपर्यंत, आणि मग पातं एकदम हलकं होतं.

"उज्ज्वला! अगं, हे काय केलंस?"

मी उभी आहे. गॅलरीत, व्हाइससमोर, हातात हॅकसॉ घेऊन. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं आहे. मी कधी उठले, दांडी गाडीतून कधी सोडवली, मला सांगता येत नाही. पान्याला बोटांचे तेलकट ठसे आहेत, म्हणजे सोडवली मीच. पातं बोट टेकवत नाही इतकं गरम आहे. दांडी व्हाइसमध्ये आहे आणि तिचा तुकडा फरशीवर, आईच्या पायाशी.

आई दारात उभी आहे. झोपेतून उठलेली, केस सुटलेले. ती वाकून तुकडा उचलते आणि चटका बसून दुसऱ्या हातात घेते.

"दादाच्या हातचं होतं ते."

"दांडी लांब होती, आई. मामांनी बरोबर बनवली होती. मी लांब सांगितली होती. चूक माझी होती."

ती तुकड्याकडे बघते, मग माझ्याकडे. "चौगुल्यांना हे ठाऊक आहे?"

"उद्या सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

 तुकडा मुठीत घेऊन आई खुर्चीवर बसते.

मी व्हर्निअर घेते. दांडीच्या एका कडेला ऐंशी पूर्णांक दोन, दुसऱ्या कडेला ऐंशी पूर्णांक सात. अर्धा मिलिमीटर तिरका काप, कडेला धातूची खरखरीत बर आलेली, मध्ये करवत घसरल्याचा ओरखडा. आत आटे पाडले, टोकाचा जोड बसवला की लांबी जुळवून घेता येईल. गाडी सरळ चालेल. काप मात्र तिरकाच राहील.

मी कानस उचलते आणि परत ठेवून देते. असा काप मामांच्या हातून कधीच निघाला नसता. उद्या चौगुल्यांनी तो नीट जवळून बघावा.