पहिल्या खेपेचं कुंकू

परवा आमच्या अकोटच्या, सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या जिनमधून हंगामातल्या पहिल्या गाठी निघाल्या... आणि माझी मान खाली गेली, ती अजून वर होत नाही.

हे जिनचे मॅनेजर, आमचं बिऱ्हाड फाटकाशीच. कापसाच्या गाठी अकोल्याच्या मालधक्क्यावर पोचवायच्या त्या सुखदेवच्या बैलगाड्यांनी, ही इथली जुनी रीत. संध्याकाळी गाड्या जुंपायच्या, उजाडता अकोला. पहिल्या खेपेला मी बैलांना कुंकू लावायचं, गूळ भरवायचा.

यंदा मालकांनी ट्रक ठरवला. मुंबईच्या गिरण्यांना आता दम धरवत नाही, रेल्वेची वॅगनही कोणासाठी थांबत नाही... "सुखदेवला तू सांग, तुझ्या तोंडून ऐकलेलं त्याला कमी लागेल," असं हे दिवाळीआधीच म्हणाले होते.

सुखदेव रोज फाटकात दिसायचा. मी त्याच्या घरची चौकशी करायचे आणि आत यायचे... उद्या सांगू.

परवा ट्रक आला, गाठी चढल्या. मी बॉनेटला कुंकू लावलं, ड्रायव्हरच्या हातावर सगळा गूळ ठेवला. तेवढ्यात घुंगरं वाजली... सुखदेव गाडी घेऊन दारात. बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली.

ट्रककडे बघून तो हसला. "नवरदेव आला म्हना की! पन बाई, याले शिंगं कुठी हायेत?" ड्रायव्हरही हसला. मला हसता येईना.

बैल मात्र सवयीने सरळ माझ्या पायरीशी येऊन थांबले. माना खाली घातल्या.

"मानसाले सांगता येते," सुखदेव म्हणाला, "यायले कसं सांगू?"

ताटलीत काही उरलं नव्हतं. बैलाने माझा रिकामा तळहात चाटला...

"सुखदेवभाऊ, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," मी कशीबशी म्हणाले.

"गावात बोलून राहिले होते, बाई. पन तुमी रोज भेटत होत्या, कायी बोलल्या नाही. मले वाटलं, लोकं उगाच सांगतात."

माझ्या गप्प बसण्यावर त्याने विश्वास ठेवला होता...

खेड्यांतून कापूस आणायला तरी त्याच्या गाड्या ठेवा, असं काल ह्यांना म्हटलं. मालकांना विचारतो, म्हणाले. काय उत्तर येईल, ठाऊक नाही.

हो असो, नाही असो... ते कळेल त्याच दिवशी सुखदेवच्या दारात जाऊन मीच सांगणार आहे.