चार तासांचं लपण

चौथ्या मजल्यावरचे भावोजी गप्प बसलेले मी अठरा वर्षांत पाहिलेले नाहीत. सौदीतल्या या अख्ख्या अल-खोबरमध्ये कोणी पाहिले असतील तर त्याने वार आणि वेळ सांगावी, मी वहीत लिहून घेईन. भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे ऑफिसातले मित्र. लिफ्टमध्ये कोणी नसलं तर ते लिफ्टशी बोलतात. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात दोन हत्यारं घातलेली असताना त्यांनी त्या इजिप्शियन गृहस्थांना दवाखान्याचा एसी कुठल्या भिंतीवर हवा होता ते समजावून सांगितलं होतं, आणि पुढच्या खेपेला एसी त्याच भिंतीवर होता. त्यांची बायको मला म्हणते, "अगं, माझीही काही वाक्यं असतात. अर्धी घरी बोलते, उरलेली तुझ्याकडे येऊन."

दुसरी सवय खरेदीची. ऑफिसात खरेदी विभाग सांभाळल्यामुळे तीन कोटेशनं, तुलनेचा तक्ता आणि प्रत्यक्ष चाचणी याशिवाय ते कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाहीत. मिक्सर घेताना त्यांनी तीन दुकानांतून तीन मिक्सर आणून एकाच नारळाच्या तीन चटण्या करायला लावल्या. दोन्ही घरांनी आठवडाभर चटणी खाल्ली. मी स्वतः याद्यांवर जगणारी बाई असल्याने ही सवय मला मनापासून आवडते. त्यांच्या प्रत्येक मोठ्या खरेदीचा तक्ता माझ्या वहीत आहे.

तरीही यंदा ऑगस्टमध्ये ते खाली येऊन म्हणाले, "वहिनी, वही काढा. शिकारीचा तंबू घ्यायचाय," तेव्हा मी आधी त्यांना पाणी दिलं. हा माणूस अंडंही खात नाही. हळूहळू उलगडा झाला. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. दर रविवारच्या फोनवर भावोजी चाळीस मिनिटं सूचना करायचे आणि मुलगा "हो बाबा" म्हणायचा. मग ते "हो बाबा"सुद्धा कमी झालं आणि दीड वर्षापासून फोन आईच्याच नंबरवर यायला लागला होता. तो तिकडे रीतसर परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. त्याने यंदा वडिलांना ऑक्टोबरमध्ये बोलावलं होतं. जंगलात शेजारी बसायचं, सलग चार तास, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याच्याकडचं लपण, म्हणजे शिकारी आत दडून बसतात तो तंबू, एकट्यापुरतं होतं. दोघांचं घ्यावं लागेल असं त्याने लिहिल्याबरोबर भावोजींनी कळवलं, "तंबू माझ्याकडून."

"चार तास?" मी विचारलं.

"तेच तर," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "नाही जमलं तर पुन्हा बोलावणार नाही तो, वहिनी. माझाच मुलगा आहे, मला माहीत आहे."

दम्मामच्या रस्त्यावर वाळवंटात जाणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथल्या मल्याळी विक्रेत्याने दोन तंबू वाळूच्या रंगाचे दाखवले आणि तिसरा, पानापानांचा, मागच्या खोलीतून धूळ झटकत आणला. "साब, ये कोई नहीं लेता. इधर पेड़ किधर है?" पुढच्या शुक्रवारी सकाळी सहाला हे तिन्ही तंबू त्यानेच पिकअपमधून आमच्या गच्चीवर आणून दिले, कारण भावोजींच्या बोलण्यात नाही म्हणायला त्याला मधे जागाच सापडली नाही.

चाचणीत आमचे हे मुलगा झाले. धनुष्य म्हणून त्यांना पडद्याचा रॉड दिला होता. हरीण मी. मी वही घेऊन गच्चीभर फिरायचं आणि कानावर येणारा प्रत्येक आवाज टिपायचा. पहिल्या तंबूच्या खिडकीला वेल्क्रो होतं. ते उघडताच असा टर्रकन आवाज झाला की टाकीवरची कबुतरं उडाली. बाद. दुसरा नेटका होता, खिडक्यांना आवाज न करणारे हूक होते, आतून काळा होता. पण दोन खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसत होत्या. भावोजींना तोच पसंत पडला. चौथ्या मिनिटाला आतून आवाज आला, "पाठ सरळ ठेव. कोपर वर." मग "अयाई गं" आणि रॉड पडल्याचा आवाज. कोपर वर गेलं होतं, ते नेमकं सूचना द्यायला पुढे सरकलेल्या भावोजींच्या हनुवटीवर.

पानांचा तंबू प्रशस्त होता. उंची पुरेशी, हूक मुके. त्या वैराण गच्चीवर त्याच्याइतकी ठळक वस्तू दुसरी नव्हती, आणि कबुतरं खुशाल त्याच्यावर येऊन बसली. मी हिशोब केला: मुलाला धनुष्य ताणायला जागा सोडायची तर दुसरी खुर्ची मागच्या कोपऱ्यात लावावी लागत होती. तिथून खिडकी दिसत नव्हती.

"मग तुम्हाला काय दिसणार?" हे म्हणाले. "तुझी पाठ," भावोजी हनुवटी चोळत म्हणाले. "वहिनी, वेळ लावा."

मी गच्चीवर घिरट्या घातल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ऊन चढलं, फरशी तापायला लागली. पंचेचाळीस मिनिटांनी मला काळजी वाटून मी पडदा बाजूला केला. भावोजी घामाने निथळत कोपऱ्यात बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर ह्यांच्या पाठीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने मला बाहेर जायला सांगितलं. माझा आवाजाचा रकाना कोरा राहिला.

ऑक्टोबरमध्ये ते पानांचा तंबू घेऊन कॅनडाला गेले. बरोबर बायको गेली नाही. म्हणाली, दोघांच्यात मी नको. ते दिवस इमारत विचित्र शांत होती. एकदा लिफ्टमध्ये, ती कोणीतरी बोलायची वाट पाहत थांबल्यासारखी वाटली म्हणून, मीच काहीतरी पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची बायको फोन घेऊन खाली आली. एरवी तिला भावोजींचे निरोप वाचायला चष्मा आणि चहा दोन्ही लागतात. हा दोन ओळींचा होता, तो तिने मलाच वाचायला लावला. "हरीण आलं नाही. सव्वाचार तास बसलो. उठताना त्याने विचारलं, बाबा, उद्या येणार का."

"पुन्हा वाच," ती म्हणाली. मी वाचलं. तिने फोन हातात घेतला आणि चष्मा न लावताच तो निरोप स्वतः पहिल्यापासून वाचायला लागली.