चढावर थांबलेली पिकअप

गॅसवर चालणारी ती पिकअप इतक्या हळू आवाजात सुरू झाली की सेल्समनच ओशाळला. "ताई, ओढायचं काम असेल तर डिझेलच घ्या. आवाजातच ताकद कळते."

माझी आत्या लग्नाच्या हॉलना जनरेटर पुरवते. टेकडीवरच्या हॉलचा चढ गाडीला झेपला नाही, तर वरचं लग्न अंधारात. गॅसची गाडी खर्चाला परवडणारी होती, पण तिने आधी आपला चाकांवरचा जनरेटर मागवून गाडीमागे जोडला आणि मला नि सेल्समनला थेट त्या चढावर आणलं.

"अर्ध्यात थांबव," ती मला म्हणाली. "हं, आता उचल."

मी क्लच सोडला. गाडी केसभर मागे सरकली, आणि निघाली.

मोकळ्या रस्त्यावर सगळीच इंजिनं दमदार वाटतात. मागे ओझं असताना मध्येच थांबावं लागलं, की पुन्हा कसं निघता येतं तेवढंच खरं. त्याला आवाज लागत नाही.

"हीच घेऊ," मी म्हणाले. सकाळपासूनचं माझं हे पहिलंच वाक्य.

"बोललीस बाई एकदाची!" आत्या हसली.

आम्ही वर पोहोचलो. खिडकीशी बसलेला सेल्समन अजूनही कान देऊन आवाजाची वाट पाहत होता.