भिंतीवरची तीन घरं

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, तेव्हा कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या. बाईंबद्दल तोंडाने सांगायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आता लिहिते.

बाई शिकवता शिकवता एखाद्या पोराच्या मुठीत नाणं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मीट. आता सांग." हल्लीचं एकाचं आणि दोनाचं नाणं आपल्यालाही पटकन ओळखू येत नाही. पण बाईंची दुसरी-तिसरीची पोरं अंगठा फिरवून बरोबर सांगायची. शाळेला छापील खोट्या नोटा मिळाल्या होत्या, त्या बाईंनी कपाटातून काढल्याच नाहीत. "खोटा पैसा हातात घेतला की पोरं खोटंच मोजतात, अक्का," असं म्हणून त्या आपल्या पर्समधली चिल्लर वाटायच्या.

एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावात दोन खोल्यांची शाळा आहे. तिथे मी खिचडी शिजवते. बाई मानधनावर होत्या, रोज एसटीने यायच्या. स्वयंपाकाच्या खोलीची खिडकी त्यांच्या वर्गात उघडते, म्हणून तांदूळ निवडता निवडता माझीही शाळा दुसऱ्यांदा झाली.

एकदा त्यांनी एका मुलीकडून एकाची दहा नाणी घेतली आणि तिला दहाची नोट दिली. पोरीने भोकाडच पसरलं. "बाईंनी माझे नऊ घेतले!" ती तशीच घरी पळाली आणि आजीला घेऊन आली. आजी दारातूनच गरजली, "ओ बाई, मनी नातना नऊ रुपया कथा गयात?"

बाई हसल्या नाहीत. आजीलाच पाटावर बसवलं, दहा नाण्यांची रांग लावून घेतली, नोट शेजारी ठेवली आणि पोरीला म्हणाल्या, "तू दुकानदार हो. आजी दोनदा बिस्किटपुडा घेईल. एकदा नाण्यांनी, एकदा नोटेने." दोन्ही वेळा पुडा तेवढाच आला. आजी बराच वेळ नोट उलटीपालटी करत राहिली. मग म्हणाली, "हाई तं माले कोनी शिकाडंच नही." त्या दिवसापासून आजी आठवड्यातून एकदा तरी वर्गाबाहेर येऊन बसायची.

जूनमध्ये बाईंनी पोरांची बँक काढली. पत्र्याचा डबा, त्याला कुलूप. पोरं खाऊचे पैसे आणून टाकायची. सगळ्यांनी भुसावळला जाऊन आगगाड्या पाहायच्या होत्या. आमच्याकडून रूळ लांब आहेत, निम्म्या पोरांनी गाडी जवळून पाहिलेली नव्हती. ओट्यावरच्या भिंतीवर बाईंनी चुन्याने चौकटी आखल्या. एक घर म्हणजे शंभर रुपये. दर महिन्याचा एक खांब. महिनाअखेरीला डबा उघडायचा, आतापर्यंत साठलेलं सगळं पोरांनीच मोजायचं आणि तेवढी घरं गेरूने भरायची. संक्रांतीच्या महिन्याचा खांब तेवीस घरांचा झाला. शेवटचं घर भरायला बाईंनी पोराला कडेवर उचललं होतं.

येणारे-जाणारे थांबून बघायचे. अंगठा उठवणारी माणसंही बोट लावून घरं मोजायची. बाईंना त्याचा फार आनंद. म्हणायच्या, "बघा अक्का, हे वाचायला अक्षर लागत नाही."

संक्रांतीच्या पुढच्याच महिन्यात माझी मुलगी जळगावला दवाखान्यात दिवस भरायच्या आत बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत ठेवलं. इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं, दोन हजारांचं, आणि संध्याकाळच्या आत. माझं मानधन चार महिने आलं नव्हतं, बाईंचंही नव्हतं. मी चुलीपुढे नुसती बसले होते. बाईंनी विचारून विचारून काढून घेतलं. पर्स उलटी केली, एकशे चाळीस निघाले. मग त्यांनी डब्याचं कुलूप काढलं.

"बाई, ते पोरांचे आहेत."

"माहीत आहे. म्हणूनच परत येतील. जा, एसटी चुकेल."

बाळ चारच दिवस जगलं.

महिनाअखेरीला बाई गेरूची वाटी घेऊन ओट्यावर आल्या, तेव्हा मी त्यांचा पदर धरला. "बाई, मागच्या महिन्याएवढाच खांब काढा ना. पोरांना काय कळतं?"

त्या म्हणाल्या, "आठ महिने शिकवतेय, अक्का. कळतं त्यांना." आणि त्यांनी पोरांकडून डबा मोजून घेतला. त्या महिन्यात नवी चिल्लर शंभराच्या आतच पडली होती. तेवीस घरांच्या खांबाशेजारी तीन घरांचा खांब उभा राहिला. पोरं विचारत होती. बाई म्हणाल्या, "दिले आहेत. येतील." एवढंच.

चार दिवसांत गाव ओट्यावर आलं. कुणाला वाचून दाखवावं लागलं नाही. सगळ्यांत पुढे आजी. तिने काठीने एकेक घर मोजलं आणि बाईंकडे वळली. "मांगे तेवीस व्हतात, आते तीनच शेतस. बाई, आमना पोरेस्ना पैसा कथा गया?"

शाळेच्या मोठ्या गुरुजींनी विचारलं, "कुणाला दिले ते तरी सांगा."

"ते मी सांगणार नाही, सर. जबाबदारी माझी."

मागून कुणीतरी म्हणालं, "नवी साडी दिखस वाटतं!" माणसं हसली. बाईंची साडी जुनीच होती. मी परात पोटाशी धरून दारात उभी होते. बाईंनी एकदाही माझ्या बाजूला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय, पण ते खरं नाही. बोलायचं म्हणजे बाळाचं सांगावं लागलं असतं आणि मला चारचौघांत नावही सांगता येत नाही.

गुरुजींनी कागद केला. "दोन हजार माझ्याकडून येणे आहेत," असं लिहून बाईंनी सही केली.

पुढे पोरांनी पैसे आणणं बंद केलं. आयाच देईनात. बाईंनी मुठीत नाणं ठेवलं की पोरं डोळे मिटायला कचरायची. बाई तरी रोज आल्या, एप्रिलच्या शेवटच्या दिवसापर्यंत. जूनमध्ये त्यांना परत घेतलं नाही. माहेर शिंदखेड्याकडे, एवढंच कळलं. फोन लागला नाही.

मी उन्हाळ्यात लिंबाच्या बागेत गेले, दसऱ्यानंतर कापूस वेचायला. दोनशे-तीनशे जमले की गुरुजींना द्यायची. "बाईंनी पाठवलेत," म्हणायची. गुरुजी कागदावर मांडायचे. आणि गावात माणसं म्हणायची, "बघा, खाल्ले होते म्हणूनच देतेय." माझा प्रत्येक हप्ता बाईंना आणखी चोर करत होता. हे मला सतराशे झाले तेव्हा समजलं. इतकी मी ढ.

शेवटचे तीनशे घेऊन गेले तो पालकसभेचा दिवस होता. आजी ओट्यावर होती. मी नोटा टेबलावर ठेवल्या. मी म्हणाले, "हे बाईंनी पाठवले नाहीत. आधीचेही नाही. पैसे मी घेतले होते. बाळासाठी." आवाज एवढा लहान आला की गुरुजींनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणाले.

आजी खाली बसली. "इतला दिन तू गप्प ऱ्हायनी?"

"हो."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "आते बाई कथा शे?" शिंदखेड्याकडे कुठेतरी, याच्या पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

गुरुजींनी तीनशे दोनदा मोजले, कपाटातून तो कागद काढला आणि बाईंच्या सहीखाली लिहिलं, दोन हजार रुपये पूर्ण मिळाले.