जावळाच्या आधी

मंगोलियातल्या उलानबातर शहराच्या उत्तरेकडच्या टेकडीवर नळ नाहीत. पाणी हवं तर कॅन घेऊन पाणीकेंद्रावर याद्माच्या खिडकीशी यावं लागतं. एकोणीस वर्षं ती त्या खिडकीत बसत होती. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची सून बाळंत झाली, हे तिला कॅनच्या संख्येवरून कळे. थंडीनं जनावरं मारली म्हणून माळरान सोडून आलेली कितीतरी कुटुंबं त्या टेकडीवर होती. त्यांच्याकडे शहरात नाव नोंदल्याचा कागद नव्हता, त्यामुळे ती दवाखान्यापासून चार हात लांबच राहत. याद्मा कुणाला कागद मागत नसे. तोंडानं मात्र फटकळ. रांग मोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

त्या हिवाळ्यात गोवराची साथ आली. इथे त्याला लाल देव म्हणतात. देव म्हटलं म्हणून तो पोरांवर दया करतो असं काही नाही. दवाखान्यातली सोलोंगो नावाची नवखी नर्स लसीचा डबा खांद्याला लावून घरोघर हिंडत होती. एका दुपारी ती रडवेली होऊन खिडकीशी आली.

"मावशी, वरच्या पुरेवजाव आजींनी मला हाकललं हो. मी काही वाकडं बोलले नाही. उलट म्हटलं, नात किती गोड आहे, किती गोबरी आहे!"

"झालं! दृष्ट लावून आलीस! फ्लॅटमध्ये वाढलेली तू. आजीनं तुला काहीच शिकवलं नाही?"

याद्मानं खिडकी लावली. रांगेत पाचजण उभे होते.

"अहो, आमचं पाणी?"

"बर्फ वितळवा!" म्हणून ती नर्सला घेऊन टेकडी चढू लागली.

"कुत्रं धरा!" कुंपणाबाहेरून तिनं आरोळी ठोकली. गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या गोल लोकरी तंबूत, चूल पेटलेली होती. पुरेवजावची सून नामून चुलीशी, आणि नात जमिनीवर चमचा आपटत बसलेली. सुईचं नाव न काढता याद्मानं आधी मिठाचा दुधाळ चहा घेतला, सोलोंगोलाही घ्यायला लावला. मग पोरीकडे बघून नाक मुरडलं.

"शी, काय हे ध्यान! नाक बघा, बटाटा नुसता."

पुरेवजावचा चेहरा खुलला. "हो ना, कुरूपच आहे हो अगदी," ती मोठ्या कौतुकानं म्हणाली. मग आपणहूनच विषयावर आली. "सुईला माझी ना नाही. पण लामांनी जावळाचा दिवस काढून दिलाय, पुढच्या महिन्यातला. आधी जावळ होऊ दे, मग सुई. शुभकार्याआधी टोचाटोची कशाला?"

"हे लामा म्हणाले?"

"ते कशाला म्हणतील? मीच म्हणते."

याद्माच्या हातातली वाटी हातातच राहिली. नऊ वर्षांपूर्वी ती स्वतः हेच बोलली होती. जी गोष्ट तिनं उभ्या वस्तीत कुणाला सांगितली नव्हती, ती आता सांगावी लागणार होती. लोक काय म्हणतील, याची तिला खरोखर भीती वाटली. उद्यापासून कोण आपल्या शब्दावर विश्वास ठेवील?

"माझा नातू गेला, तो अशक्त होता म्हणून गेला असं मी सगळ्यांना सांगत आले," ती म्हणाली. "खोटं आहे ते. चांगला धडधाकट होता. लेक म्हणाली, आई, सुईला नेऊ का? मी म्हटलं, जावळ होऊ दे. दीड महिना तर राहिला होता. लामांना मी फक्त जावळाचा दिवस विचारला होता. सुई थांबवण्याचं शहाणपण माझं."

"मग?"

"लाल देव आला. जावळाच्या पाच दिवस आधी पोर गेलं. केस तसेच होते, मानेवर रुळणारे. फार देखणा होता गं. आता म्हणायला हरकत नाही."

पुरेवजावनं नातीला हळूच जवळ ओढलं. "आणि लेक?" तिनं विचारलं.

"दारखानला असते. माझा फोन घेत नाही."

सोलोंगोनं मांडीवरचा डबा उघडायची घाई केली नाही. एवढं तरी ती आज शिकली होती. चुलीशी बसलेल्या नामूननं आतापर्यंत एक शब्द काढला नव्हता. सासूपुढे बोलायची तिला सवयच नव्हती. ती उठली, हात पुसले आणि खाली मान घालून म्हणाली, "आई, आजच देऊ या का?"

पुरेवजाव सुनेकडे बघत राहिली. मग तिनं नातीच्या अंगरख्याची बाही आपल्या हातानं वर सारली.

"मांडीवर मीच धरते," ती सोलोंगोला म्हणाली. "दुखलं तर माझ्यावर रुसू दे. आईवर नको."