मामाचा मोबाईल

भोरच्या शाळेत रोबोटची स्पर्धा होती. मुलांनी वायरी जोडून, प्रोग्रॅम लिहून केलेल्या गाडीने जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून आपली आपण धावायचे. माझ्या शेजारी वेल्ह्याकडची एक बाई बसली होती. लेकीची गाडी तिने टॉवेलात गुंडाळून एसटीतून मांडीवर आणली होती.

तिच्या लेकीची गाडी पहिली आली, माझ्या मुलीची दुसरी. टाळ्या थांबायच्या आत ती बाई उभी राहिली.

"सर, गाडी आपली आपण न्हाई चालली. हिचा मामा मागनं मोबाईलवर चालवत व्हता."

मी हबकलोच. मागून तिचा भाऊ पुटपुटला, "अक्के, गप की. कुणाला कळलं व्हतं?"

"मला कळलं व्हतं की."

पहिला नंबर आमच्याकडे आला. बाईच्या रडवेल्या लेकीने मामाचा मोबाईल बंद करायला लावला आणि गाडी पुन्हा पट्टीवर ठेवली. पहिल्याच वळणावर ती भरकटून भिंतीवर आदळली. बाईने गाडी उचलली, पदराने पुसली आणि लेकीच्या हातात दिली.

"हां. आता ही तुझी."

पहिल्या नंबरची ढाल आमच्या कपाटात आहे. पाहुणे विचारतात तेव्हा मी त्या बाईबद्दलच सांगतो. तिचे नाव विचारायचे मात्र तेव्हा मला सुचलेच नाही.