न वाळणारं लुगडं

माझ्या सख्ख्या आत्याने मला फसवलं. तेव्हा मी पाच वर्षांची होते.

आणे जाऊन नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि आमच्या ढाणकीच्या बाजारात जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघायचा. घरातच आपल्याला कोणी गंडवेल, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सकाळी बाबांनी आजारी आईला बैलगाडीत निजवलं, अंगावर वाकळ घातली आणि गाडी उमरखेडच्या रस्त्याला लागली.

"माय कोठी गेली?" मी आत्याला विचारलं.

"बाजाराले."

"बाजाराले वाकळ कायले लागते?"

आईचं हिरवं लुगडं धुऊन दोरीवर टाकलेलं होतं. तिकडे बोट करून आत्या म्हणाली, "हे वाळलं का आलीच तुही माय. पण रडाचं नाही."

सौदा ठरला. मी डोळे पुसले आणि लुगड्याखाली जाऊन बसले. घडीघडी उठून हात लावून बघायची. शेजारीण कुडावरून हसली, "काय वं, लुगडं विकाले बसली काय? भाव तं सांग!"

"विकाचं नाही!" मी ओरडले.

दुपारी काठ तेवढा ओला होता. मी भाकर खाऊन आले, तर सगळं लुगडं ठिबकत होतं.

"काहून ओलं झालं?"

"जाडं सूत हाय. वेळ लागते त्याले."

मला ते पटलं नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेले आणि दाराआडून बघत राहिले. आत्या तांब्या घेऊन आली आणि लुगड्यावर पाणी शिंपडू लागली. मी धावत जाऊन तांब्या उडवला, तिच्या हाताला चावले. एरवी आत्या लगेच हात उगारायची. त्या दिवशी तिने मला मारलं नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

मग मी कोणाला दोरीजवळ येऊ दिलं नाही. उन्हं उतरली. लुगडं कडक वाळलं. रस्त्यावर गाडी नव्हती. मी काठ चाचपला, पदर चाचपला, कुठे तरी ओल सापडेल म्हणून. मग पडलेला तांब्या उचलला, रांजणातून भरला आणि माझ्या हाताने ते लुगडं भिजवलं. आत्या बघत होती.

काही दिवस लुगडं असंच भिजत राहिलं, मग गाडी आली. आई वाळून गेली होती, पण आली. दोरीकडे बघून म्हणाली, "हे अजून ओलंच कसं?" सगळे हसले.

पुढे मी कापडाच्याच धंद्यात पडले. भल्याभल्या व्यापाऱ्यांशी भांडून भाव पाडले. आत्या मात्र अजून लग्नाकार्यात ही गोष्ट हसून सांगते, पोरगी कशी येडी होती म्हणून. मी रडले नाही, माझा शब्द पाळला, हे ती सांगत नाही.

आत्या, हसणं पुरे झालं. माय आलीच नसती, तं ते लुगडं तू कवा वाळू देणार होती? सांग मले.